गुलाबाची रब्बी

लातूरचा गुलाब बारमाही नाही, हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढची बरीच धावपळ वाचते. झाड बारा महिने उभं असतं, हे खरं. पण पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून निम्मं झाड उघडं पडतं, आणि मार्चनंतरचं आमचं ऊन असं की सकाळी उमललेल्या फुलाच्या कडा दुपारी करपलेल्या असतात. मध्ये उरतात ते दसऱ्यापासून होळीपर्यंतचे महिने. दिवसा कोरडं ऊन, रात्री शाल घ्यावी अशी थंडी, आणि बोअरला अजून पाणी. 'वर्षभर फुलं घ्या' असं सांगणारे व्हिडिओ कुठल्या गावात काढतात कोण जाणे, आमच्याकडे तरी ते लागू नाही.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, औसा तालुक्यात आयुष्यभर ज्वारी, हरभरा, करडई घेत आले. घरासमोरच्या माझ्या गुलाबांकडे ते बरीच वर्षं नुसतं बघत. मग एकदा म्हणाले, "ह्ये रब्बीचं पीक हाय बाई. खरिपात कशाला मागं लागतीस त्याच्या? रब्बीवानीच कर." तेव्हापासून आमच्या घरी गुलाबाचं वर्ष हस्त नक्षत्र संपताना सुरू होतं.

हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो आणि १० ऑक्टोबरच्या आगेमागे संपतो. हा पाऊस बेभरवशाचा. आला तर असा येतो की अंगणात तळं होतं, नाही आला तर आभाळ नुसतं गडगडून जातं. छाटणी करून ठेवली आणि वरून हस्त कोसळला तर ओल्या कापातून बुरशी आत शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. म्हणून चित्रा लागेपर्यंत कात्री बाहेर काढायची नाही. छाटल्यापासून फूल यायला साधारण दीड महिना लागतो, थंडी लवकर पडली तर आणखी आठवडाभर. १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी फूल पिकवणारे शेतकरी हाच हिशोब उलटा मोजत छाटणीची तारीख धरतात. मी अर्धी झाडं चित्रात छाटते आणि अर्धी दिवाळीच्या आसपास, स्वातीत. त्यामुळे सगळी फुलं एकाच आठवड्यात येऊन संपत नाहीत, आणि दुसऱ्या छाटणीची फुलं येळवशीच्या, म्हणजे शेतात पूजा मांडायच्या वेळ अमावस्येच्या, सुमारास हाताशी येतात.

छाटणीआधी ताण. मोसंबीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. जालन्याकडे बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडतात, झाड पान गाळतं, मग खत-पाणी देऊन त्याला जागं करतात. गुलाबाला एवढा कडक ताण सोसत नाही, पण आठवडाभर पाणी तोडलं की नवी कोवळी फूट थांबते आणि झाडाचा रस फांद्यांत मुरतो. याच सुमारास खोडाभोवतीची माती काढून मुळ्या उघड्या ठेवायची एक जुनी रीत आहे. हलक्या तांबड्या मातीत ती ठीक असेल. आमची काळी माती पाणी तोडलं की आपोआप भेगाळते आणि मुळ्यांना हवा दाखवते. वर आणखी खोदून मुळ्या तोडण्यात मला अर्थ दिसत नाही. मी फक्त वरची दोन-तीन बोटं माती खुरप्याने हलवते. कुंडीतल्या झाडाला तर एवढंही नको, कुंडी दोन दिवसांत सुकते आणि ताण कधी संपला आणि मरण कधी सुरू झालं ते कळत नाही.

छाटणीचं काम मला वर्षातलं सगळ्यात आवडतं. डाळिंबवाले वापरतात तेच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेते. दर झाडानंतर पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला जात नाही. आधी वाळलेलं, मग रोगट, मग आतल्या बाजूला एकमेकांवर घासणारं, अशा क्रमाने काढत गेलं की झाडात चार-पाच जाड, निरोगी फांद्या उरतात. त्या गुडघ्याच्या जरा वर, म्हणजे दीड-दोन फुटांवर कापायच्या. कुठे कापायचं ते डोळा सांगतो. फांदीवर पानाच्या बगलेत लालसर टिंबासारखा डोळा असतो. तो झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असला पाहिजे. त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे दव आणि पाणी डोळ्यावर साचत नाही. जास्त लांब खुंटा सोडला तर तो वाळतो, अगदी चिकटून कापलं तर डोळाच सुकतो.

आणि काप घेतला की त्यात बघायचं. मधला गाभा पांढरा, ओलसर असला तर फांदी जिवंत. तपकिरी वर्तुळ दिसलं तर अजून एक डोळा खाली यायचं, तरीही तपकिरी असलं तर आणखी खाली. गेल्या हिवाळ्यात ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाची एक फांदी वरून हिरवीगार दिसत होती, पण आतला तपकिरी डाग काही संपेना. कापत कापत जवळजवळ कलमाच्या गाठीपर्यंत आले तेव्हा कुठे पांढरं लागलं. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. "अगं, ठिवलीस काय त्याला?" म्हणाल्या. त्याच बुंध्यातून डिसेंबरात दोन दणकट कोंब आले. आतला रोग वर ठेवून हिरवी फांदी वाचवण्यात काही मिळत नाही.

कलमाच्या गाठीच्या खालून, म्हणजे ज्या रानटी झाडावर कलम बांधलंय त्या खुंटातून, जी फूट येते ती वेगळी ओळखावी लागते. तिची पानं लहान, फिकट, एका देठावर सात-सात पानं, आणि वाढ भलती जोमाची. नवखे लोक ती बघून खूश होतात. ती ठेवली तर दोन हंगामांत मूळ गुलाब जातो आणि खुंटाचं रानटी झुडूप उरतं. ही फूट कात्रीने कापायची नाही, कापली की तिथून चार येतात. माती बाजूला करून ती जिथून निघाली तिथून ओढून काढायची. नुसत्या पानांच्या संख्येवर जाऊ नका, काही चांगल्या जातींनाही सात पानं येतात. निघण्याची जागा बघायची.

कापांतून बुरशी शिरू नये म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावते. दुकानात तयार मिळते, पण घरी केलेली ताजी असते आणि स्वस्त पडते. शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर भिजवायचं. कळीचा चुना शंभर ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरात विझवायचा आणि गार होऊ द्यायचा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काडीने ढवळायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. छान आकाशी रंग येतो. त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुन्याची निवळी घालायची. खिळा जसाच्या तसा निघाला की पेस्ट झाली. जुन्या ब्रशने प्रत्येक कापावर एक बोट. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाही, तिची पकड जाते.

आता मातीबद्दल, कारण मराठवाड्यातल्या गुलाबाचं अर्धं दुखणं तिथेच आहे. आमची माती काळी, चिकट, आणि चुनखडीची. माती परीक्षणात सामू (पीएच) आठच्या वर येतो. बोअरचं पाणी जड, बादलीच्या काठावर पांढरा थर धरणारं. अशा ठिकाणी लोक गुलाबाला अंड्याची टरफलं आणि हाडांचा चुरा घालतात, कारण सगळीकडे तसंच सांगितलं जातं. टरफल म्हणजे चुनाच. ज्या जमिनीत चुना आधीच उतू जातोय तिथे तो आणखी कशाला? हाडांचा चुराही सामू सातच्या वर गेला की नीट विरघळत नाही, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) झाडाला मिळत नाही. आम्लयुक्त मातीच्या गावांचा सल्ला आमच्या चुनखडीच्या जमिनीला लावायचा नाही, एवढं मी आता ठामपणे सांगते. आमच्याकडे लागतं ते चांगलं कुजलेलं शेणखत, भरपूर, आणि दर झाडाला दोन मुठी निंबोळी पेंड. स्फुरद हवाच असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून द्यावं, त्यात गंधकही असतं.

थंडीत एक गोष्ट हमखास दिसते. शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ऊसवाले याला केवडा म्हणतात. मातीत लोह नसतं असं नाही, चुनखडीमुळे ते अडकलेलं असतं, आणि माती गार आणि सतत ओली राहिली की मुळ्यांना ते अजिबात उचलता येत नाही. म्हणून पहिला उपाय औषधाचा नाही, पाणी कमी करण्याचा. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत (सायट्रिक ॲसिड) घालून ऊन उतरल्यावर पानांवर फवारते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. नवी पानं हिरवी येतात, जुनी पिवळी तशीच राहतात, त्यांची वाट बघू नये.

नवी रोपं लावायचीही हीच वेळ. आमच्या रोपवाटिकांत येणारा बराच माल आंध्रातल्या कडियम भागातून येतो, मुळांभोवती तांबड्या मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत ठेवला तर आजूबाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, असं होतं. गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने बाहेरचा थर सैल करते, मग लावते. कलमाची गाठ मातीच्या वरच ठेवते. जाती निवडताना माझा कल जुन्याकडे आहे. ग्लॅडिएटर आमच्या उन्हाला आणि हलगर्जीपणाला पुरून उरतो. डबल डिलाईट ही १९७७ सालची अमेरिकन जात, पांढरट फूल, आणि ऊन लागेल तशी पाकळ्यांची कड लाल होत जाते. वासही आहे. पांढऱ्यात 'डॉ. होमी भाभा'. तो काढणारे डॉ. बी. पी. पाल मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ, तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हांवर काम केलेले, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. मामांना हे सांगितलं तेव्हापासून त्यांची गुलाबावरची शेवटची शंका मिटली. "गव्हाचा माणूस हाय व्हय, मंग बराबर," म्हणाले.

छाटणीनंतर पट्टा अगदी उघडा होतो. काड्या उभ्या, मध्ये काळी माती. इथेच सोबतीच्या पिकांची गोष्ट सुरू होते, आणि तीही मामांच्या हट्टाने. "मोकळं रान ठिवून पाणी पाजतेत व्हय कुणी?" २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं हे शहर आहे. इथे शोभेच्या झाडाला पाणी घालताना गल्लीतली माणसं अजूनही वळून बघतात. तेच पाणी कोथिंबिरीलाही जातंय म्हटलं की बोलणं थांबतं.

छाटणीच्या दिवशीच मेथी फेकते. महिन्याभरात ती कापून होते, आणि तोवर गुलाबाला नवी पालवी भरत आलेली असते. दोघांची एकमेकांना आडकाठी होत नाही. मेथीच्या मागोमाग कोथिंबीर आणि शेपू. धणे चपलेखाली रगडून दोन फोडी करायच्या, नाहीतर उगवायला फार वेळ घेतात. खोडापासून वीतभर जागा मात्र रिकामी ठेवायची. तिथे गर्दी झाली की सकाळचं दव दुपारपर्यंत सुकत नाही, आणि दव म्हणजे काळ्या ठिपक्याला आमंत्रण.

कोथिंबीर सगळी कापून खायची नाही, ही खरी मेख आहे. चार-सहा रोपं फुलावर जाऊ द्यायची. डिसेंबर-जानेवारीत ढग आले, हवा दमट झाली, की गुलाबाच्या कळ्यांवर मावा येतो, हिरवा, देठाला गच्च लगडलेला. त्याच वेळी कोथिंबिरीला पांढरे तुरे आलेले असतात आणि त्यावर सिरफिड माशी घिरट्या घालते. दिसायला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, मधमाशीची धाकटी बहीण वाटावी अशी, पण हवेत एका जागी थांबते. मोठी माशी मध आणि पराग खाते, अंडी मात्र माव्याच्या वस्तीत घालते. एका सकाळी चष्मा लावून कळीच्या देठाकडे बघत बसले होते. माव्यात एक फिकट हिरवी, पाय नसलेली अळी होती. तिला दिसत काही नाही. ती पुढचं टोक डावीकडे-उजवीकडे फिरवत चाचपडत होती. एक मावा लागला. तो तिने देठावरून उचलून वर धरला, मिनिटभर तसाच, त्याचे पाय हलत होते. मग सुकलेलं साल खाली टाकून पुन्हा चाचपडायला लागली. दोन दिवसांनी तो देठ मोकळा होता. त्या कळीवर आदल्या दिवशी औषध मारलं असतं तर मावा पंधरा दिवसांत परत आला असता आणि ही मात्र गेली असती.

करडई हा मामांचा वाटा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक ओळ, परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी कुसुम' जात. करडईवर मावा येणार म्हणजे येणारच, हे रब्बीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. मग ती गुलाबाजवळ कशाला, असं मीही विचारलं. मामांचं उत्तर असं की करडईचा मावा काळा, तुझा हिरवा, त्यांची जात वेगळी, त्यांचा घरोबा नाही. आणि ते बरोबर आहे. काळ्या माव्यावर मावा खाणारे ढालकिडे जमतात, त्यांची पिल्लं वाढतात, आणि गुलाबावर हिरवा मावा दिसायला लागतो तेव्हा ही फौज दोन हातांवर तयार असते. शिवाय कोवळेपणी करडईची भाजी होते, लसणाची फोडणी देऊन, ज्वारीच्या भाकरीबरोबर. पुढे तिला काटे आले की गल्लीतल्या शेळ्या त्या बाजूने शिरत नाहीत.

लसणाबद्दल फार बोललं जातं. गुलाबाखाली लसूण लावला की किडी वासाने पळतात म्हणे. मला तसं काही दिसलेलं नाही, लसणाच्या पातीशेजारच्या कळीवरही मावा बसतो. तरी मी लावते, कारण तो सरळ उभा वाढतो, सावली करत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरचा लसूण मिळतो. झेंडूचं मात्र अर्धं खरं आहे. त्याच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक कृमी, कमी होतात, पण त्यासाठी तो दाट आणि तीन-चार महिने उभा असावा लागतो. कोपऱ्यात शोभेला लावलेल्या दोन रोपांनी काही होत नाही. मी ज्या जागी पुढच्या वर्षी नवा गुलाब लावायचा तिथे जूनमध्येच झेंडू दाट लावते, दसरा-दिवाळीला फुलं काढते आणि झाडं तिथेच गाडते. फेब्रुवारीपर्यंत ठेवलेल्या झेंडूवर लाल कोळी माजतो आणि तिथून गुलाबावर येतो, म्हणून उशिरापर्यंत तो ठेवायचा नाही. वांगी, टोमॅटो, भेंडी गुलाबाजवळ नकोत, कोळी आणि पांढरी माशी यांना ती माहेरच. शेवंती सुंदर दिसते, पण मावा आणि फुलकिडे तिलाही आवडतात, ती मी गच्चीवर वेगळी ठेवते. पुदिना कुंडीतच, जमिनीत सोडला तर तो पट्टा त्याचा.

या सगळ्याचा एक परिणाम असा की अंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक आपोआप बंद होतं. ज्या वाफ्यातली मेथी संध्याकाळी ताटात येणार आहे तिथे ते कोण मारेल? निंबोळी अर्क चालतो. पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण घालून. अंगणात कडुलिंब असेल तर निंबोळ्या जून-जुलैमध्येच वाळवून ठेवाव्या लागतात, थंडीत शोधायला गेलं तर मिळत नाहीत. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे कळ्यांच्या उंचीवर टांगते. पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळी अर्धवट उघडून थांबलेली दिसली की समजायचं फुलकिडे आलेत. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करायच्या, वाफ्यात टाकायच्या नाहीत.

थंडीतला मुख्य शत्रू भुरी. कोवळ्या पानांवर आणि कळीच्या देठावर पिठूळ पांढरा थर, पानं मुरडतात, कळी वाकडी होते. गार रात्र आणि कोरडा उबदार दिवस तिला मानवतो, म्हणजे नेमकं आमचं डिसेंबर-जानेवारी. भुरीला इतर बुरशींसारखं ओलं पान लागत नाही, उलट पाण्याने तिचे बीजाणू रुजत नाहीत. म्हणून भुरीची चाहूल लागली की सकाळी नऊ-दहाच्या उन्हात पानं पाण्याने धुऊन काढते. संध्याकाळी हे केलं तर भुरी जाईल आणि काळे ठिपके येतील. वेळ चुकवायची नाही. आंबट ताकाचं पातळ पाणी फवारण्याने सुरुवातीच्या भुरीला आळा बसतो. वाढलीच तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण ते फक्त थंडीत. ऊन पस्तिशीकडे गेलं की गंधकाने पानं भाजतात. निंबतेल मारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधकाचं नाव नाही, त्यानेही पानं भाजतात. आणि गंधक मारल्यावर त्या वाफ्यातली पालेभाजी लगेच खायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याचं म्हणाल तर जमिनीतल्या झाडांना ठिबक, तेही सकाळीच. धुई पडलेल्या सकाळी पाणी नको. कुंडीत बोट दोन पेरं खोल घालून बघायचं, गार-ओलं लागलं तर तसंच परतायचं. काळ्या मातीची कुंडी वरून भेगाळलेली आणि आत चिखल, अशी फसवते. म्हणून कुंडीच्या मातीत मी मुरूम मिसळते. खोडाभोवती सोयाबीनच्या गुळीचा, म्हणजे भुसकटाचा, चार बोटं थर, तोही खोडाला न टेकवता. ही गुळी आमच्याकडे मळणीनंतर मागेल तेवढी मिळते. उंच फांद्यांना आधार तुराट्यांचा.

फुलांबद्दल काय लिहायचं? थंडीतलं फूल मोठं येतं, रंग गडद, देठ लांब, आणि झाडावर आठवडाभर टिकतं. तेच झाड एप्रिलमध्ये लिंबाएवढं फूल देतं. तोडताना पाच पानांच्या देठाच्या वर तोडावं, तिथला डोळा जोमदार असतो आणि पुढचं फूल तिथून येतं. येळवशीला गावी जाताना मी पहाटे तोडलेली फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून नेते. कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात तिथे ज्वारीच्या हिरव्या ताटांना टेकून लाल गुलाब शोभतात. पहिल्यांदा नेले तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, शेतात गुलाब?" भज्जी-आंबिलीचं जेवण झाल्यावर त्यातली दोन तिच्या वेणीत होती.

फेब्रुवारीच्या मध्यापासून हवा पालटते. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली की लाल कोळी. तो कोरड्या गरमीत वाढतो, खालून पाण्याचा जोरदार फवारा हाच त्याला उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचीही धास्ती असते. २०१४ ची गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही, उभी रब्बी झोपली होती. अंदाज आला की कुंड्या जिन्याखाली, बाकीचं देवाच्या हवाली. होळीनंतर खत बंद, कळ्या दिसतील तशा खुडून टाकायच्या, गुळीचा थर दुप्पट करायचा आणि पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधायची. झाडाने जगावं, एवढीच तेव्हा अपेक्षा.

यंदा मामांनी जवसाचं बी आणून ठेवलंय. लाल-पांढऱ्या गुलाबांमध्ये निळी फुलं दिसतील, पाणी जवळजवळ लागत नाही, आणि चटणीपुरतं जवस निघेल, असा त्यांचा हिशोब. मला शंका एवढीच की ठिबकच्या ओलीत जवस नुसतं पाल्यावर जाईल. म्हणून ते वाफ्याच्या कडेला, ठिबकची नळी जिथे संपते त्याच्या पलीकडे पेरायचं ठरलंय.